अंबलंगोडच्या रांगेतला बहिष्कार

५ एप्रिल, सकाळी ७

आजपासून रोजनिशी. निवृत्त झाल्यापासून लिहायची होती, पण देशात लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. आता रोज घडतंय.

परिस्थिती अशी. वीज तेरा तास नाही. गॅस नाही. दूध पावडर नाही, त्यामुळे गेले बारा दिवस काळा चहा. माझ्या जुन्या मॉरिस मायनर गाडीचा पेट्रोलचा काटा शून्याच्याही खाली जाऊन टेकलाय. आणि लेकीची, दिल्हानीची, बाळंतपणाची तारीख वीस एप्रिल. पहिलटकरीण, त्यात बाळ पायाळू दिसतंय. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की इथल्या दवाखान्यात नको, गॉललाच न्या, आणि आठवडाभर आधी कळा आल्या तरी घाबरू नका. जावई कतारला. अँब्युलन्सला डिझेल असेलच असं सांगता येत नाही, हेही डॉक्टरच म्हणाले.

मी दिल्हानीला शब्द दिलाय. गॉलपर्यंत माझ्या गाडीतून नेईन. लियनगे सरांचा शब्द म्हणजे शब्द.

संकल्प: १) दोन दिवसांत पेट्रोल. २) इंधनमंत्र्याला पत्र, कडक. ३) चिडायचं नाही, रक्तदाब.

५ एप्रिल, सकाळी ११

तिसरा संकल्प मोडला. रेडिओवर मंत्री बोलला. म्हणे देशात इंधनाची टंचाई नाही, लोकांनाच रांगेत उभं राहायची सवय लागली आहे. ही म्हणाली, रेडिओ आपटू नका, बॅटऱ्या मिळत नाहीत.

हा मंत्री, कोडिकार, माझा विद्यार्थी. आठवीत विज्ञानात मी त्याला दोनदा नापास केला होता. तिसऱ्यांदाही करायला हवा होता. देशाचं वाटोळं माझ्या एका चांगुलपणामुळे झालंय, हे मला आज स्पष्ट दिसलं.

६ एप्रिल

पहाटेच रांगेत. गाडी ढकलत नेली. शेजारचा रुवन आणि मी. रुवनची रिक्षाही रांगेतच आहे, म्हणून त्याला वेळ होता. माझा नंबर त्रेसष्ट. रांग पंपापासून देवळाला वळसा घालून, मुखवटे बनवणाऱ्यांच्या दुकानांवरून थेट समुद्रापर्यंत. बासष्ट म्हणजे काही फार नाही. उद्या संध्याकाळी घरी.

पत्र क्रमांक एक पाठवलं. कागद मिळत नाही, म्हणून जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पानांवर लिहितोय. सुरुवात 'अरे कोडिकार' अशी केली. मंत्री असला तरी मी 'माननीय' लिहिणार नाही. पाठीचा कणा म्हणून काही असतो.

रांगेतली माणसं हताश आहेत. कोणी पत्ते खेळतंय, कोणी झोपलंय. माझ्या मागे पियल मुदलाली, मासे विकणारा, त्याची छोटी व्हॅन. व्हॅनला आठ दिवस मासा लागलेला नाही, पण वास गेलेला नाही. या लोकांना नेतृत्व नाही. माझ्या लक्षात आलं.

७ एप्रिल, दुपारी

समिती स्थापन. अखिल अंबलंगोड इंधन-रांग नागरिक कृती समिती. अध्यक्ष मी, बिनविरोध. तेव्हा बरेच जण झोपले होते, पण विरोध कोणी केला नाही हे महत्त्वाचं. सचिव रुवन. त्याने विचारलं की सचिवाला नंबर पुढे मिळतो का. मी म्हणालो, सचिवाला मान मिळतो. तो जरा नाराज दिसला.

ठराव १: मंत्र्याचा निषेध. ठराव २: पुन्हा निषेध, पहिल्यात मुदलाली पत्ते पिसत होता म्हणून.

हिचा फोन. दिल्हानीचे पाय सुजलेत. मी म्हणालो, पाय उशीवर ठेव म्हणावं, इथे मीटिंग चालू आहे.

८ एप्रिल

टँकर आला! माझ्या पत्राचा परिणाम. रुवन म्हणतो, पत्र अजून कोलंबोलाही पोचलं नसेल. त्याला राजकारण कळत नाही. दबाव असा पत्र पोचण्याआधीच जाणवतो.

तीस गाड्यांना मिळालं, मग संपलं. मी तेहेतिसावा. गाडी ढकलताना उजव्या गुडघ्यात कळ. पण मागे हटलो नाही. मागे मुदलालीची व्हॅन होती, हटता आलंही नसतं.

९ एप्रिल, सकाळी

ही डबा घेऊन आली. पाव आणि पोल सांबोल. खोबरं कमी, मिरची जास्त. म्हणाली, माझी बहीण गॉलला राहते, हॉस्पिटल तिच्या घरापासून चालत दहा मिनिटं. दिल्हानीला उद्याच ट्रेनने नेऊन सोडते, ट्रेन अजून चालू आहे. उगीच त्या पेट्रोलच्या नादी लागू नका.

उगीच!

मी तिला शांतपणे समजावलं. शांतपणे म्हणजे रांगेच्या पुढच्या टोकापर्यंत ऐकू गेलं, असं नंतर रुवन म्हणाला. मुद्दा साधा होता. नागरिकाने दहा दिवस आधी पोरीला घेऊन पळ काढायचा आणि मंत्र्याने एसीत बसून म्हणायचं की बघा, कोणाचंच काही अडलं नाही? आपण पळालो की सरकार जिंकलं. माझी मुलगी माझ्या गाडीतून जाईल, सरकारने दिलेल्याच पेट्रोलवर जाईल, हक्काने जाईल.

ही म्हणाली, हक्काचं बाळंतपण मी कधी ऐकलं नाही. डबा घेऊन गेली. सांबोल अर्धंच खाल्लं होतं मी.

मागून मुदलालीने विचारलं की, सर, घरी सगळं ठीक ना. मी म्हणालो की देशातच काही ठीक नाही.

१० एप्रिल

ऐतिहासिक दिवस. मंत्र्याच्या कचेरीतून फोन! कोणी सेक्रेटरी. अगदी मऊ आवाज. मंत्रीसाहेबांना आपले गुरुजी आठवतात, विज्ञानाचा तास तर विशेष आठवतो, पत्र वाचून वाईट वाटलं, पंपावर एक चिठ्ठी पाठवतो, सरांनी फक्त पुढे यायचं, टाकी भरून जायचं.

माझा रक्तदाब काय झाला असेल ते मोजायला कोणी नव्हतं.

मी म्हणालो, की चिठ्ठी नको. या रांगेतल्या शेवटच्या माणसाला मिळेल तेव्हाच लियनगे पेट्रोल घेईल, हे तुमच्या साहेबाला सांगा. आणि गृहपाठ अजून अपुरा आहे, हेही सांगा. फोन ठेवला. मग बॉनेटवर उभं राहून हे सगळं रांगेला सांगितलं. टाळ्या! मागचे काही लोक तर उठून बसले.

नंतर रुवन बाजूला घेऊन म्हणाला की, सर, ती चिठ्ठी दुसऱ्याच्या नावावर करता आली असती का? आईला दर गुरुवारी डायलिसिसला न्यावं लागतं.

मी म्हणालो, रुवन, तत्त्व.

हिला फोनवर सांगितलं. टाळ्या वाजल्या नाहीत. म्हणाली की दिल्हानीची कंबर दुखतेय. मी विचारलं की टाळ्यांचा भाग नीट ऐकू आला ना.

११ एप्रिल, संध्याकाळी

मंत्र्याची घोषणा: नवीन वर्षाच्या सकाळी, चौदा तारखेला, प्रत्येक पंपावर टँकर. 'जनतेला सरकारची नववर्षाची भेट.'

रांगेत आनंदीआनंद. कोणी तरी फटाकाही लावला. मुदलालीने तर व्हॅन धुतली.

भेट! आमचेच पैसे, आमचीच रांग, आमचीच पाठ मोडली, आणि भेट याची! मी सोडणार नाही. यात काही तरी काळंबेरं आहे. झोपायच्या आत शोधून काढतो.

१२ एप्रिल, सकाळी ६

सापडलं.

चौदाला सकाळी नोनगते आहे. जुनं वर्ष सरलंय आणि नव्याचं काही सुरू करायचं नाही, असे ते मधले तास. चूल पेटवायची नाही, काम नाही, खाणं नाही, देणंघेणं तर मुळीच नाही. लोक देवळात जाऊन बसतात. मग मुहूर्तावर चूल, आणि त्यानंतर वर्षातला पहिला व्यवहार, यंदा दहा वाजून सहा मिनिटांनी. आणि टँकर कधी? सकाळी सातला! म्हणजे अख्ख्या जनतेचा वर्षातला पहिला व्यवहार अशुभ वेळेला, आणि तोही या कोडिकारच्या हातून. वर्षभर त्याच्याच दारात उभं राहायला लागावं, असा डाव.

मी स्वतः विज्ञानाचा शिक्षक. पंचांग वगैरे मानत नाही. चाळीस वर्षं मुलांना सांगत आलो की ग्रहांना आपल्या चुलीशी देणंघेणं नाही. पण इथे प्रश्न ग्रहांचा नाही, स्वाभिमानाचा आहे. हिच्याकडून मुहूर्ताचा कागद मागवला. ही म्हणाली, लग्नात मुहूर्त पाळायला सांगितला होता, तेव्हा तुम्ही मला न्यूटन समजावत होता.

१२ एप्रिल, सकाळी ११

ठराव ७ मंजूर: चौदा तारखेला दहा वाजून सहा मिनिटांपर्यंत या रांगेतला एकही माणूस मंत्र्याचं पेट्रोल घेणार नाही. संपूर्ण बहिष्कार. टँकर उभा राहील, आम्ही हाताची घडी घालून उभे राहू, फोटो पेपरात. दहा-सहाला आम्ही घेऊ, आमच्या वेळेला, आमच्या अटींवर. सगळ्यांनी हात वर केले. एकूण एक! रुवनने दोन्ही.

देवळातल्या भंतेंना पाठिंबा मागायला गेलो. ते म्हणाले की नोनगते पुण्य करण्यासाठी असतं, माणसांना अडवून ठेवणं पुण्यात बसतं का याचा विचार करा. ठरावाच्या खाली लिहिलं: भंतेंचा तत्त्वतः पाठिंबा.

पत्र क्रमांक सहा पाठवलं. एकच ओळ. 'चौदाला बघू.'

१३ एप्रिल

तयारी. फलक रंगवले, मुखवटेवाल्यांकडून रंग उसना घेऊन. त्यांच्याकडे लाल आणि काळाच होता, त्यामुळे फलक जरा राक्षसासारखे झालेत. चांगलंच आहे. पहारा देणाऱ्यांची यादी. घोषणा तीन.

दुपारी हिचा फोन. उद्या चुलीच्या मुहूर्ताला तरी घरी या. लाकडं गोळा केलीत, नारळाचं दूध काढून ठेवते, दूध पावडरीविना नव्या वर्षाला तेच उतू जाऊ द्यायचं. मी म्हणालो, उद्या मी देशाची चूल पेटवणार आहे. ती म्हणाली की दिल्हानीशी बोला.

दिल्हानी म्हणाली की पाठीतून कळ येते आणि जाते, अजून तशी काही नाही. मग विचारलं की, थात्ता, उद्या पेट्रोल मिळेल ना नक्की?

मी म्हणालो, तू अजिबात काळजी करू नकोस, ठराव एकमताने पास झालाय.

१४ एप्रिल, नववर्ष

६.४०. सगळे जागेवर. वातावरण तापलेलं. मी पंपाच्या तोंडाशी, फलक घेऊन.

७.०५. टँकर. वेळेवर! या सरकारने वर्षात पहिल्यांदा एक गोष्ट वेळेवर केली, तीही नको त्या वेळेला.

७.२०. टँकर रिकामा होऊन टाक्या भरल्या. पंपवाल्याने नळी हातात घेतली. मी हात वर करून म्हणालो, नोनगते! कोणी हललं नाही. पूर्ण एक मिनिट. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं मिनिट.

७.२२. नंबर एक हलला. म्हातारा मेंडिस. बहिरा आहे, ठराव ऐकू आला नसेल.

७.२५. नंबर दोन बहिरा नाही.

७.३०. मी म्हणालो, लाज वाटत नाही का! नंबर पाच म्हणाला, सर, वाटते, पण टाकी भरल्यावर जास्त वाटेल.

७.४५. नवीनच पळवाट. पंपवाला म्हणतो, नोनगत्यात व्यवहार नको ना, मग नुसतं भरून घ्या, पैसे दहा-सहाला आणून द्या. पैसे दिले नाहीत तर व्यवहार झालाच नाही! लोक खूश. मी विज्ञानाच्या आधाराने सांगायला गेलो की व्यवहार वस्तूच्या हस्तांतरणानेच होतो. कोणी ऐकलं नाही. पुढच्या बत्तीस गाड्या अशा सरकत गेल्या.

८.१५. माझ्या गाडीने रांग अडवली होती, मी मुद्दामच हलवली नव्हती. सचिव रुवनने चार जण बोलावून मॉरिस ढकलून नाल्याच्या कडेला लावली. माझ्याच समितीचे चार जण! रुवन म्हणाला की, सर, माफ करा, आज गुरुवार आहे.

८.३०. मुदलाली थांबला. व्हॅन सुरू ठेवून म्हणाला, सर, भरून घ्या हो, मी माझ्यापुढे घालतो तुम्हाला. दोन मिनिटांचं काम. मी त्याला गद्दार म्हणालो. मासे विकता विकता देश विकलास, असंही म्हणालो. वाक्य चांगलं जमलं. तो भरून गेला.

८.४०. फोन वाजला. ही. भाषण चालू होतं, कट केला.

८.४४. पुन्हा. कट.

८.५२. पुन्हा. सायलेंट केला. ऐकायला सात जण होते, पैकी एक पोलीस.

९.३५. पंपवाला ओरडला की संपलं. चौसष्ट गाड्या. तळाचा गाळसुद्धा कोणी कॅनमध्ये नेला.

१०.०६. मुहूर्त अचूक साधला. मी एकटा पंपासमोर, पैसे पुढे करून. पंपवाल्याने नळी उलटी करून दाखवली. मग त्यालाच वाईट वाटलं असावं. आतून एक केळं आणून माझ्या हातात ठेवलं, म्हणाला की वर्षाचा पहिला व्यवहार रिकाम्या हाताने नको, सर.

बहिष्कार यशस्वी म्हणता येईल. एका माणसाने शेवटपर्यंत पाळला.

१०.१०. अकरा मिस्ड कॉल.

१०.४०. घरी. दाराला कडी. चूल थंड. मडक्यात नारळाचं दूध तसंच. समोरच्या सुनेत्राअक्का सांगत होत्या. साडेआठला कळा सुरू झाल्या. सर फोन उचलत नव्हते. दिल्हानीची अम्मा रस्त्यावर येऊन ओरडत होती, रस्त्यावर एक गाडी नाही. पावणेनऊला मुदलालीची व्हॅन आली. तो घरी चालला होता. दोघींना घेतलं आणि तसाच गॉलला गेला. मागे बर्फाची खोकी होती, ती रस्त्यातच फेकून दिली. जाताना सुनेत्राअक्कांना म्हणाला की सर पंपावर आहेत, त्यांना कळवा.

ट्रेन आज नाही. बस नाही. रस्त्यावर ज्या गाड्या आहेत त्या सगळ्या माझ्याच रांगेतल्या. मी हात केला. दोन थांबल्या नाहीत. तिसऱ्या गाडीवाला ओरडून म्हणाला की नोनगते संपलं का, सर?

दुपारी २. हिचा मेसेज. मुलगी. दोघी बऱ्या. ऑपरेशन करावं लागलं. अर्धा तास उशीर झाला असता तर, असं लिहून पुढे काही लिहिलेलं नाही.

१५ एप्रिल, गॉल

सकाळच्या ट्रेनने आलो. पन्नास मिनिटं लागली. बसायला जागा होती.

वॉर्डाच्या बाहेर बाकावर मुदलाली. रात्रभर इथेच होता म्हणे, रक्त लागलं तर असावं म्हणून. मी त्याच्याशी काय बोलावं याची ट्रेनमध्ये तयारी केली होती. तो आधीच म्हणाला की, सर, चहा घेतला का. काळाच आहे.

हिने माझ्याकडे बघितलं आणि बाळाचे कपडे धुवायला गेली.

नात लहानशी आहे, तांबूस, चिडलेली. दिल्हानी पांढरीफटक. मी तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं: मंत्र्याची घोषणा, डाव कसा होता, सगळ्यांनी हात कसे वर केले, लोक कसे फितूर झाले. नर्स म्हणाली की आवाज कमी करा. मी कमी केला. सरकारने आपल्याला कुठे आणून ठेवलंय, हेही सांगितलं. ते खोटं नाही. त्यातला एक शब्द मी आजही मागे घेणार नाही.

दिल्हानीने सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं की, थात्ता, ते पेट्रोल कशासाठी हवं होतं, ते काल सकाळी लक्षात होतं का?

मी म्हणालो, म्हणजे काय, होतं की.

ही वही कोणी वाचणार नाही, म्हणून लिहितो. नव्हतं.